पेरणाऱ्याचा अधिकार

आश्विन शुद्ध प्रतिपदेला देवासच्या टेकडीवर पहाटेपासून माणसांची रीघ लागते. एकाच टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशी देवीची दोन ठाणी आहेत. गावातले लोक त्यांना बडी माता व छोटी माता म्हणतात. त्याच दिवशी टेकडीच्या पायथ्याशी, पवारांच्या काळापासून येथे राहिलेल्या मराठी घरांतून घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरावयाची, तीत गहू व इतर धान्ये पेरावयाची, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवावयाचा आणि नऊ दिवस त्या मातीवर पाणी शिंपडीत राहावयाचे. माझ्या आईचे माहेर गोव्याचे. तिच्याकडे या अंकुरांना रुजवण म्हणत. दसऱ्याच्या दिवशी ते पिवळसर, कोवळे कोंब देवीला वाहून झाले की वडीलधारी मंडळी टोपीत व आम्ही मुले कानावर खोवीत असू.

लहानपणी हे केवळ पूजेचे अंग वाटे. पुढे वकिली करता करता घरामागच्या परसात भाजी लावण्याचा नाद लागला आणि या विधीकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटू लागले. खरिपाचे पीक हाती येत असते आणि रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते, नेमक्या त्या वेळी घरच्या बियाण्यातील एक मूठ मातीत घालून किती दाणे उगवतात ते नऊ दिवस पाहत राहणे, ही बियाण्याची परीक्षाच नव्हे काय? देवीपुढे आपण जे मांडतो त्यात शेतकऱ्याचे पुढील सहा महिन्यांचे गणित दडलेले असते. भक्ती आणि हिशेब एकाच पत्रावळीवर नांदतात, आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

विसंगती वाटली ती एका वृद्ध गृहस्थांना. काही वर्षांपूर्वी नवरात्रातील एका प्रवचनानंतर प्रसाद घेत असता ते मला म्हणाले, “वकीलसाहेब, कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, असे आत्ताच बुवांनी सांगितले. आणि तुम्ही तर उद्या लसूण लावणार, म्हणजे चैत्रातल्या फळाचा विचार आश्विनात करणार! हे कसे जुळावयाचे?” प्रश्न विनोदाने विचारला होता. सर्व हसले, मीही हसलो. परंतु घरी आल्यावर हसू मावळले, कारण त्या प्रश्नात माझ्यापुरते एक जुने शल्य होते. त्याविषयी पुढे सांगेनच. आधी प्रश्नाचा विचार करू.

शरदात भाजीचा वाफा लावणाऱ्याला फळाचा विचार टाळून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. मेथी-पालक महिन्याभरात ताटात येतात. बटाट्याला तीन महिने लागतात. लसूण साडेचार ते पाच महिने जमीन अडवून बसतो. कांद्याचे रोप आधी वाफ्यात वाढवावे लागते आणि सहा-आठ आठवड्यांनी उपटून दुसरीकडे लावावे लागते. तेव्हा त्या दुसऱ्या जागेत आज काय पेरावे, हेही आजच ठरवावे लागते. फुलकोबीची गोष्ट तर सर्वांत बोधप्रद आहे. तिच्या अगाती जातीचे रोप मागाहून, थंडीत लावले, तर झाड वाढण्यापूर्वीच गड्डा धरते आणि तो गुंडीएवढा राहतो. खत घाला, पाणी द्या, गेलेली वेळ परत येत नाही. गोव्यात सरदाचे भात कापल्यावर वायंगणाची तयारी करणारा, किंवा तांबड्या भाजीचे व मिरचीचे वाफे घालणारा माणूस हेच गणित दुसऱ्या मातीत मांडीत असतो.

माळव्याच्या जुन्या शेतकऱ्याने तर हे गणित कमालीला नेले होते. १९७० नंतरच्या वर्षांत सोयाबीन येथे पसरले. त्यापूर्वी पुष्कळशी काळी जमीन पावसाळाभर मुद्दाम मोकळी ठेवीत. चार महिने पाऊस तिच्यात मुरावयाचा, उघडीप मिळाली की वखर फिरवून तण काढावयाचे व ओल कोंडून धरावयाची, आणि मग त्या साठविलेल्या ओलीवर, पाण्याच्या एका पाळीवाचून, गहू काढावयाचा. बाहेरून आलेल्या माणसाला आषाढात ती शेते ओसाड वाटली असतील. वस्तुतः तेव्हा तेथे गव्हाचीच तयारी चाललेली असे.

तेव्हा फळाचा विचार हा जर आसक्तीचा दोष असेल, तर प्रत्येक माळी आणि प्रत्येक शेतकरी दोषी ठरेल. गीतेला हे अभिप्रेत असणे शक्य नाही, आणि नाहीही. दुसऱ्या अध्यायातील तो प्रसिद्ध श्लोक सर्वांच्या तोंडी असतो. परंतु अठराव्या अध्यायातील पंचविसाव्या श्लोकाकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. तेथे तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींकडे न पाहता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. म्हणजे या कर्मातून पुढे काय निघेल, यात काय खर्ची पडेल, कोणाला पीडा होईल आणि हे पार पाडण्याचे सामर्थ्य आपल्यात आहे काय, हे पाहिल्यावाचून कामाला हात घालणे हा गीतेच्या मते अनासक्तीचा प्रकार नसून अंधार आहे. फळावर हक्क सांगू नको, असे दुसरा अध्याय सांगतो. फळाकडे डोळेझाक करू नको, असे अठरावा सांगतो. दोहोंत विरोध नाही. माळी चैत्रातल्या लसणाचा विचार करतो तो तो लसूण नीट यावा म्हणून. मधेच गारपीट झाली तर तो देवाला जाब विचारीत बसत नाही, पुढच्या आश्विनाची तयारी करतो.

या चार कसोट्यांपैकी पहिली, अनुबंधाची, परसातला वाफाच शिकवितो. उरलेल्या तीन मला देवास आणि धार या दोन गावांनी शिकविल्या.

क्षयाची कसोटी देवासने फार मोठी किंमत देऊन घेतली. या गावात पूर्वी लहानमोठी पुष्कळ तळी होती. गाव वाढले, कारखाने आले, आणि तळी बुजवून त्यांवर इमारती उठल्या. जमीन मिळाली हे सर्वांना दिसले. काय गेले ते कोणी मोजले नाही. १९९० च्या एप्रिलात इंदुराहून पाण्याच्या टाक्या भरलेली आगगाडी देवासच्या स्थानकात आली आणि ढोल वाजवून तिचे स्वागत झाले. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही हकीकत नमूद करून ठेवली आहे. आगगाडीने आलेल्या पाण्याचे वाजतगाजत स्वागत करणाऱ्या गावाला आपल्या तळ्यांचे स्मरण तेव्हा झाले असेल काय, असा विचार आजही मनात येतो. इकडे धारेत मात्र वाक्पती मुंजाच्या नावाचे तळे हजार वर्षांनंतरही आपल्या जागी आहे. ज्याने ते खोदविले त्याने ते पाणी किती दिवस प्याले असेल?

सुदैवाने देवासची कथा तेथेच संपली नाही. २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने येथील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडावयास प्रारंभ केला. खोल खोल विंधणविहिरी खोदून, त्या कोरड्या पडून, कर्जात बुडालेली ही माणसे होती. त्या तळ्यांना ‘रेवासागर’ आणि ती खोदणाऱ्यांना ‘भगीरथ कृषक’ अशी नावे मिळाली. टोंककलाँच्या बाजूला गेले असता शेताशेतांत ही तळी दिसतात. जिल्ह्यात ती हजारोंनी झाली. दहा बिघ्यांतील एक बिघा पेरावयाचा नाही, म्हणजे उरलेले नऊ रब्बीत पेरता येतील, हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. पण ज्याच्या घरी कर्ज आहे, त्याने पिकाऊ जमिनीत खड्डा खणावयास मन घट्ट करावे लागते. तेव्हा क्षयाचा विचार म्हणजे खर्चच टाळणे नव्हे. कशाचा क्षय होऊ द्यावयाचा आणि कशाचा होऊ द्यावयाचा नाही, हे वेळीच ठरविणे म्हणजे क्षयाचा विचार.

पौरुषाची, म्हणजे आपले बळ ओळखण्याची कसोटी सांगताना एका भाविक राजाची आठवण होते. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून देवासची दोन राज्ये झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज अत्यंत श्रद्धाळू आणि मनाने मोठे होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली काही महिने त्यांचे खाजगी चिटणीस होते. मोटारगाड्या, वीजघर आणि बागा हीसुद्धा त्यांच्याकडे सोपविलेली कामे होती. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीचे त्यांनी केलेले वर्णन ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ मधील पुस्तकात आहे. महाराजांची भक्ती पाहून तो परधर्मी लेखक भारावून गेला. परंतु त्याच पुस्तकात नव्या राजवाड्याचेही वर्णन आहे. त्याचे बांधकाम पुरे झालेले नव्हते, आणि आधी बांधलेला भाग ढासळू लागला होता. पुढे राज्य कर्जात बुडाले, महाराज पाँडिचेरीस गेले आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या दुर्दैवाला कारणे अनेक होती. एका शब्दात त्यांचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. तरी देवावर भार टाकल्याने आपले बळ मोजण्याचे काम सुटत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो. देवळांचे जीर्णोद्धार हाती घेणाऱ्या आपल्या मंडळींनी तो अवश्य घ्यावा.

आता राहिली हिंसा. येथे मला दुसऱ्या कोणाचे उदाहरण शोधावे लागत नाही.

वकिलीच्या कामानिमित्त माझे धारेस जाणे-येणे असते. तेथील एका गृहस्थांची वेशीजवळ अर्धा बिघा जागा होती. विहीर होती आणि एक वृद्ध माळी पुष्कळ वर्षांपासून तेथे भाजी पिकवीत होता. लेखी करार कसलाच नव्हता. दरवर्षी ठरलेली रक्कम आणि मालकाच्या घरी भाजी, एवढाच व्यवहार. मालकांना जागा विकावयाची होती. ते श्रावणात माझ्याकडे आले आणि ताबा केव्हा घ्यावा, असे त्यांनी विचारले. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “नवरात्राच्या आत. एकदा लसूण जमिनीत गेला की चैत्रापर्यंत थांबावे लागेल, नाहीतर पैसे मोजावे लागतील.”

हा सल्ला कायद्याच्या जाणकारीतून आलेला होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम असे सांगते की, ज्या पट्ट्याची मुदत अनिश्चित आहे तो पट्टेदाराच्या दोषावाचून संपुष्टात आला, तर त्याने पेरलेले उभे पीक त्याचे किंवा त्याच्या वारसाचे. ते काढून नेण्यासाठी जाण्या-येण्याचा मार्गही त्याला मोकळा असला पाहिजे. शेतीच्या पट्ट्यांना मात्र ही कलमे आपोआप लागू होत नाहीत, असे त्याच कायद्याच्या ११७ व्या कलमात आहे. तेव्हा ही जागा शेत की परस, हा पट्टा की नुसती परवानगी, असे वाद निघाले असते. ते वाद जिंकण्याची मला खात्री नव्हती. म्हणून ते निघूच नयेत, अशी मी तजवीज केली. पेरणीच झाली नाही तर पेरणाऱ्याचा अधिकारही उत्पन्न होत नाही.

पितृपक्षात ताबा घेतला. माळ्याने कटकट केली नाही. खोपीतून त्याने लसणाच्या जुड्या काढल्या, त्या आढ्याला टांगून ठेवलेल्या होत्या, आणि मला विचारले, “साहेब, हे खाण्याचे नाही, बियाण्याचे आहे. या साली लावले नाही तर पुढच्या साली उगवणार नाही. कुठे लावू?” त्याला दुसरी जमीन मिळालेली नव्हती. लसणाचे बी धान्यासारखे कणगीत राखता येत नाही. ते दरवर्षी मातीत गेले तरच वंश चालतो. मी निरुत्तर झालो. तेव्हा त्यातली एक जुडी माझ्या हाती देऊन तो म्हणाला, “तुमच्या परसात लावा. बी फुकट जाऊ नये.” ज्या पक्षाच्या वकिलाने त्याला पेरू दिले नव्हते, त्याच्याच हाती त्याने आपले बी सोपविले.

पुढे काय झाले? खरेदीदाराचे पैसे जमण्यास उशीर लागला आणि खरेदीखत झाले ते ज्येष्ठात. सबंध हिवाळा आणि उन्हाळा त्या जागेत काँग्रेस गवत माजले होते. म्हाताऱ्याचा लसूण चैत्रातच निघून गेला असता आणि कोणाचेही एका पैचे नुकसान झाले नसते. पण मी स्वतःस हेही बजावतो की, व्यवहार आश्विनातच पुरा झाला असता तरी माझा दोष कमी झाला नसता. मालकाला आपली जमीन विकण्याचा हक्क होता आणि तो मी त्याला मिळवून द्यावयासच हवा होता. परंतु “चैत्रात ताबा द्या, करारात तशी अट घाला” असेही मला सांगता आले असते, आणि ते मला सुचले नाही. मी ऋतूचा विचार केला होता. पण तो पारध्यासारखा केला, माळ्यासारखा केला नाही.

इंग्लंडमध्ये नगरवासीयांना भाजीसाठी भाड्याने जमिनीचे तुकडे देण्याची रीत आहे. त्यांना तेथे ॲलॉटमेंट म्हणतात. त्यासंबंधीचा १९२२ चा कायदा मी मागाहून वाचला. भाडेकरूला उठवावयाचे तर पूर्वी सहा महिन्यांची व १९५० पासून बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते. आणि तिची मुदत एक तर ६ एप्रिलला किंवा त्यापूर्वी, नाहीतर २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतर संपली पाहिजे. म्हणजे त्या देशातील पेरणी-वाढीच्या हंगामात सूचनेच्या जोरावर कोणाला वाफ्यावरून उठविता येत नाही. कायदे करणाऱ्यांनी मातीचे पंचांग पाहिले होते. तेच पंचांग मीही पाहिले होते, पण उलट हेतूने. दूरदृष्टी हा स्वतःसिद्ध सद्गुण आहे असे आपण मानतो. तो तसा नाही. दूरदृष्टी ही सुरीसारखी आहे. भाजी चिरावयाची की दुसऱ्याचे रोप कापावयाचे, हे ती ठरवीत नाही.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. फळावर अधिकार नाही हे गीतेचे वचन ज्याने त्याने स्वतःपुरते ऐकावयाचे असते. ते दुसऱ्याला ऐकविण्यासाठी सांगितलेले नाही. माझा लसूण गारांनी गेला तर मी गीता आठवावी. माझ्या कृतीने दुसऱ्याचा लसूण जात असेल तर मी कायदा आठवावा, आणि कायदा अपुरा असेल तेथे लाज आठवावी. आपल्या समाजात नेमके याच्या उलट घडते. स्वतःच्या फळाविषयी आपण वकिलाकडे जातो आणि दुसऱ्याच्या फळाविषयी त्याला अनासक्तीचा उपदेश करतो. कूळ, मोलकरीण, देवळातील सेवेकरी, धाकटा भाऊ, या सर्वांना आपण केव्हा ना केव्हा हा उपदेश केलेला असतो.

आणि एका अर्थी आपण सारेच अनिश्चित मुदतीचे पट्टेदार आहोत. पट्टा केव्हा संपेल हे कोणालाही ठाऊक नसते, आणि तरीही आश्विन आला की पेरावेच लागते. कोणाच्या तरी हातून ते पीक निघेल, या भरवशावर पेरावयाचे. त्या माळ्याने मला जुडी दिली ती याच भरवशावर.

ती जुडी मी त्या वर्षी लावली. चैत्रात चांगला लसूण निघाला. तोवर म्हाताऱ्याचे देहावसान झाले होते. मुलाने गावाच्या दुसऱ्या बाजूला थोडी जमीन भाड्याने मिळविली होती. निघालेल्यातले निम्मे बियाणे मी त्याला नेऊन दिले. त्याने ते उन्हात धरून पाहिले, एक पाकळी सोलून वास घेतला आणि म्हणाला, “आमचेच आहे.” तेव्हापासून दर चैत्रात निम्मे बियाणे त्याच्याकडे जाते. त्याच्याजवळ आता पुष्कळ झाले आहे, त्याला माझ्या बियाण्याची गरज उरलेली नाही; पण तो नको म्हणत नाही.

उद्या घट बसतील. परसातील वाफे तयार आहेत आणि पाकळ्या सोडवून ठेवल्या आहेत. आपले बी मातीत घालण्यापूर्वी यंदा आपल्यामुळे कोणाचे बी हातातच राहिले नाही ना, एवढे पाहून मगच मी विळा हाती घेणार आहे.